हातीं कातलेली लोंकर आणि विणण्याची सुई

बाजारांतून लोंकरीचा गुंडा विकत आणला म्हणजे त्याच्याभोंवतीं कागदाची एक पट्टी असते. लोंकरीचें वजन किती, लांबी किती, तिला कोणती सुई घ्यावी आणि त्या सुईवर चार इंचांत किती टाके बसावेत, इतकी माहिती त्या पट्टीवर बहुधा छापलेली असते. विणणाऱ्या स्त्रीला स्वतः विचार करण्याचें कारण फारसें उरत नाहीं. हातीं कातलेल्या लोंकरीची गोष्ट निराळी आहे. ती लडीच्या रूपानें घरांत येते आणि तिच्यावर कसलीहि पट्टी नसते. कातणाराच्या बोटांतून जशी निघाली तशी ती असते. आजची लड कालच्या लडीसारखी असेलच अशी खात्री नसते. मग सुई कोणती घ्यावी हा प्रश्न बहुतेक घरांत अंदाजानें सोडविला जातो, आणि पुष्कळ वेळां तो अंदाज चुकतो.

हा प्रश्न क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु त्यामागें असलेल्या श्रमांचा हिशेब केला म्हणजे तो तसा राहत नाहीं. मध्यम जाडीच्या लोंकरीचा मोठ्या माणसाचा स्वेटर विणावयास साधारणपणें हजार ते दीड हजार वार सूत लागतें. सूत दुपदरी असेल तर तितक्यासाठीं त्याच्या दुपटीहून थोडें अधिक एकपदरी सूत कातावें लागतें, कारण पीळ देतांना कांहीं लांबी खर्चीं पडते. म्हणजे टकळीवर अगर चरख्यावर दोन ते तीन हजार वार धागा काढल्यावर एक स्वेटर उभा राहतो. बाजारची लोंकर कमी पडली तर आणखी एक गुंडा आणतां येतो. हातचें सूत संपलें म्हणजे संपलें. तें कातणारी आजी जर आतां कातण्यासारखी राहिली नसेल, किंवा ती हयातच नसेल, तर त्या सुताचा एक हातहि पुन्हा मिळावयाचा नाहीं. असें सूत चुकीच्या सुईवर चढवून फुकट घालविणें म्हणजे कोणाच्या तरी महिनोंमहिन्यांच्या कष्टांचा अपमान करणें होय.

तेव्हां सुईची निवड अंदाजावर न सोडतां मोजमापानें कशी करावी, हें समजून घेणें अगत्याचें आहे. तें कठीण नाहीं. एक फूटपट्टी, एक लहान तराजू, कोमट पाणी आणि थोडा धीर एवढें साहित्य त्याला पुरतें.

प्रथम सुईच्या नंबराविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण बहुतेक घोटाळा येथूनच सुरू होतो. इंग्लंडांत विणण्याच्या सुयांचे नंबर तारेच्या मापावरून पडले. तार ओढणारे कारागीर धातूची तार एकाहून एक लहान भोंकांतून ओढून बारीक करीत. जितक्या अधिक वेळां तार ओढली जाई तितकी ती बारीक होई आणि तितका तिचा नंबर वाढे. म्हणून या पद्धतींत नंबर मोठा तर सुई बारीक, असा उलटा क्रम आहे. १८८४ सालीं ब्रिटनमध्यें तारेचें एक कायदेशीर माप अमलांत आलें. त्याप्रमाणें आठ नंबरची तार ०.१६० इंच, म्हणजे सुमारें चार मिलिमीटर, आणि दहा नंबरची तार ०.१२८ इंच, म्हणजे सव्वातीन मिलिमीटर जाडीची ठरली. विणण्याच्या सुयांचे ब्रिटिश नंबर याच मापाच्या जवळपास जातात. भारतांतील विणणाऱ्या स्त्रिया "दहा नंबरची सुई", "आठ नंबरची सुई" असें म्हणतात तें याच मापाला धरून.

अमेरिकेंत मात्र क्रम याच्या अगदीं विरुद्ध आहे. तेथें नंबर जसजसा वाढतो तसतशी सुई जाड होते. ब्रिटिश आठ नंबर म्हणजे चार मिलिमीटर, तर अमेरिकन आठ नंबर म्हणजे पांच मिलिमीटर. एखाद्या अमेरिकन पुस्तकांतील नमुना पाहून येथील आठ नंबरची सुई घेणाऱ्या स्त्रीचें विणकाम घट्ट आणि लहान कां झालें याचें कारण तिला कळत नाहीं. दोष तिच्या हाताचा नसतो, नंबराचा असतो. हा सर्व गोंधळ टाळण्याचा एकच राजमार्ग आहे: सुई मिलिमीटरांत मोजावी. भोंकांची पट्टी मिळत असेल तर उत्तमच. ती नसेल तर मोज्यांच्या चार सुया शेजारीं शेजारीं चिकटून ठेवाव्यात, त्यांची एकत्र रुंदी मोजावी आणि तिला चारनें भागावें. जुन्या, नंबर पुसलेल्या सुयांनाहि अशा रीतीनें पुन्हा नांव देतां येतें.

आतां सुईच्या जाडीचा विणीशीं संबंध काय, तें पाहिलें पाहिजे. विणकामांतील प्रत्येक टाका म्हणजे सुताचा एक फांसा. सूत सुईभोंवतीं जातें तेव्हां त्या फांशाचा आकार सुई ठरविते. सुई काढून घेतली म्हणजे तेथें राहिलेली पोकळी सुतानें स्वतः भरावयाची असते. सुई सुताच्या मानानें फार बारीक असेल तर पोकळी उरतच नाहीं. टाके एकमेकांस दाटतात, कापड पुठ्ठ्यासारखें ताठ होतें, आणि लोंकरीचा जो मोठा गुण, अंगाबरोबर ताणण्याचा व पुन्हा जागेवर येण्याचा, तोच नाहींसा होतो. शिवाय तंतूंच्या मध्यें हवा कोंडून राहण्यास जागा न उरल्यामुळें अशा कापडाची ऊबहि अपेक्षेपेक्षां कमी भरते. उलट सुई फार जाड असेल तर सूत ती पोकळी भरूं शकत नाहीं. कापड जाळीसारखें विरळ होतें, स्वतःच्या वजनानें खालीं ओढलें जातें, कोपरांपाशीं व गळ्यापाशीं सैल पडतें आणि चार धुण्यांत आकार सोडतें. योग्य सुई या दोहोंच्या मध्यें कोठेंतरी असते, आणि ती जागा सुताच्या जाडीवरून शोधून काढतां येते.

परंतु सुताची जाडी मोजण्यापूर्वीं एक काम केलेंच पाहिजे. तें काम म्हणजे लड धुणें. नुकतेंच कातलेलें सूत ताणलेल्या स्थितींत असतें. चातीवर किंवा चरख्याच्या चाकावर तें ओढून गुंडाळलेलें असल्यामुळें त्याचे तंतु सपाट बसलेले असतात, आणि पीळहि सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. लड चार ठिकाणीं सैलशी बांधावी, कोमट पाण्यांत वीस-पंचवीस मिनिटें बुडवून ठेवावी, चोळूं नये, पिळूं नये. फक्त दाबून पाणी काढावें, टॉवेलांत गुंडाळून पुन्हा दाबावें आणि सावलींत वाळत टाकावी. वाळल्यावर तेंच सूत वेगळें दिसतें. तंतु फुगतात, कुरळेपणा परत येतो, लांबी थोडी कमी होते आणि जाडी वाढते. न धुतलेल्या सुतावर सुई ठरविली तर स्वेटर पहिल्याच धुण्यांत निराळा होऊन बसतो.

धुतलेली लड टांगून पाहिली म्हणजे आणखी एक गोष्ट कळते. दुपदरी सूत समतोल असेल तर लड मोकळी व सरळ लोंबते. ती स्वतःभोंवतींच वळूं लागली तर पीळ अधिक झाला आहे किंवा पदर जोडतांना कमी पडला आहे असें समजावें. एकपदरी सुतांत हा दोष विशेष आढळतो. अशा सुतानें सगळ्या सुलट बाजूची वीण घातली तर चौकोन तिरका होतो, डाव्या किंवा उजव्या अंगाला झुकतो. कित्येकींना वाटतें कीं, सुई बदलली म्हणजे हा तिरकेपणा जाईल. तसें होत नाहीं. तो पिळाचा दोष आहे, सुईचा नव्हे. त्याला उपाय दोन. एक तर सूत दुपदरी करावें, किंवा ज्या विणींत सुलट व उलट टाके सारख्या प्रमाणांत येतात अशी वीण घ्यावी, म्हणजे दोन्ही बाजूंची ओढ एकमेकांस मारून टाकते.

आतां जाडी मोजण्याची रीत. फूटपट्टीवर किंवा सारख्या जाडीच्या पेन्सिलीवर दोन इंचांच्या खुणा कराव्यात आणि त्या दोन खुणांमध्यें सूत गुंडाळावें. वेढे एकमेकांस चिकटून बसावेत, परंतु दाटूं नयेत. सूत ओढूं नये आणि सैलहि सोडूं नये. पट्टी फिरवीत गेल्यास सूत आपोआप सारखें बसतें. दोन इंचांत आलेल्या वेढ्यांचें निम्में केलें म्हणजे एका इंचाचे वेढे मिळतात. बाजारच्या सुताला एकदां मोजलें तरी चालतें. हातच्या सुताला तेवढ्यानें भागत नाहीं. लडीच्या निदान सहा निरनिराळ्या जागीं मोजावें आणि सरासरी काढावी. समजा, एका लडींत १३, १५, १२, १४, १६ आणि १४ असे वेढे आले. बेरीज ८४ झाली. तिला सहानें भागल्यावर सरासरी १४ येते. हा आंकडा कागदावर लिहून ठेवावा. सर्वांत जाड व सर्वांत बारीक जागाहि लिहून ठेवाव्यात, कारण पुढें त्यांचें काम पडतें.

या चौदा वेढ्यांवरून सुई कशी काढावयाची? येथें थोडा विचार केला तर नियम आपोआप सुचतो. सुलट बाजूनें पाहिलें असतां प्रत्येक टाका कणसावरील दाण्यांच्या जोडीसारखा दिसतो; त्याला दोन पाय असतात. म्हणजे एका टाक्याच्या रुंदींत सुताचे निदान दोन धागे शेजारीं शेजारीं बसले पाहिजेत. सूत चौदा वेढ्यांचें असेल तर एका इंचांत सातांहून अधिक टाके मावणारच नाहींत, आणि सात टाके बसविले तर कापड अगदीं ठासून भरलेलें होईल. दोन पायांमध्यें थोडी हवा राहिली तरच वीण मऊ राहते. म्हणून स्वेटरासाठीं वेढ्यांच्या संख्येच्या शेंकडा चाळीस ते पंचेचाळीस इतके टाके इंचास यावेत असा ठोकळ हिशेब धरतात. चौदा वेढ्यांना तो साडेपांच ते सहाच्या आसपास जातो.

सुईची जाडीहि याच विचारानें मिळते. सुई सुताच्या जाडीच्या सुमारें दुप्पट असावी. एका इंचांत २५.४ मिलिमीटर असतात. त्याची दुप्पट ५०.८. या आंकड्याला वेढ्यांच्या संख्येनें भागलें म्हणजे सुईची जाडी मिलिमीटरांत निघते. चौदा वेढ्यांचें सूत असेल तर भागाकार ३.६ च्या आसपास येतो. त्याला जवळची सुई पावणेचार मिलिमीटरची, म्हणजे ब्रिटिश नऊ नंबरची. अठरा वेढ्यांच्या बारीक सुताला २.८ येतात, तेथें बारा किंवा अकरा नंबर घ्यावा. बारा वेढ्यांना ४.२, म्हणजे आठ किंवा सात नंबर. दहा वेढ्यांना पांच मिलिमीटर, म्हणजे सहा नंबर. आठच वेढे बसणाऱ्या जाड सुताला सहा मिलिमीटरच्या वर, म्हणजे चार किंवा तीन नंबर. ज्या घरांत भागाकाराचा कंटाळा असेल तेथें सुताचे दोन धागे शेजारीं धरावेत आणि त्यांच्यावर सुई आडवी ठेवून पाहावी. दोन धाग्यांची रुंदी व सुईची जाडी सारखी दिसली म्हणजे सुरुवात करावयास ती सुई योग्य समजावी.

"सुरुवात करावयास" असें म्हणण्याचें कारण आहे. वेढे फक्त जाडी सांगतात. सुताचा स्वभाव सांगत नाहींत. पिंजलेल्या लोंकरीचे पेळू करून कातलेलें सूत आणि लांब तंतु विंचरून, समांतर ठेवून कातलेलें सूत, हीं दोन्हीं पट्टीवर चौदाच वेढे दाखवितील. परंतु दोहोंचे पन्नास पन्नास वार मोजून तराजूंत घातले तर विंचरलेलें सूत जड भरतें. पिंजलेल्या सुतांत हवा अधिक असते. तें दाबलें असतां दबतें आणि धुतल्यावर फुलून टाक्यांमधील जागा भरून काढतें. त्याला एक नंबर जाड सुई चालते. विंचरलेलें सूत गुळगुळीत, भरीव व जड असतें. तें जागा भरीत नाहीं आणि स्वतःच्या वजनानें लोंबतें. त्याला हिशेबानें आलेली किंवा तिच्याहून किंचित् बारीक सुई बरी.

हातीं कातलेल्या कापसाच्या सुताविषयीं तर आणखी सावध राहावें लागतें. १९२५ मध्यें अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला आणि १९३७ च्या वर्धा शिक्षण योजनेनें कताईला शाळेंत जागा दिली. त्यानंतर टकळी ही महाराष्ट्रांतील पुष्कळ मुलांच्या हातांतली वस्तु झाली. कापसाच्या सुताचा नंबर वेगळ्याच रीतीनें ठरतो. ८४० वारांची एक लड धरली तर एका पौंडांत अशा जितक्या लडी बसतील तो त्या सुताचा नंबर. वीस नंबरचें सूत म्हणजे पौंडांत वीस लडी. येथेंहि नंबर मोठा तर सूत बारीक. परंतु हा नंबर वजनाचा आहे. त्यावरून सुई थेट काढूं नये. विणण्यासाठीं असें सूत अनेक पदरी करून घ्यावें आणि मग त्याचे वेढे मोजावेत. कापसांत लोंकरीची लवचीकता नाहीं. ताणलेला टाका परत मागें येत नाहीं. म्हणून कापसाला हिशेबापेक्षां एक नंबर बारीक सुई घ्यावी, आणि कपडा लांबीला थोडा वाढणार हें आधींच धरून चालावें.

लोंकरीच्या जातीचा विचारहि येथेंच केला पाहिजे. महाराष्ट्रांतील धनगरांच्या दख्खनी मेंढ्यांची लोंकर भरड व केंसाळ असते, आणि ती बहुधा काळी असते. धनगर स्त्रिया ती हातीं कातीत आल्या आहेत आणि सणगर लोक तिचीं घोंगडीं विणीत आले आहेत. मागावर ताण्याला चिंचोक्यांची खळ देतात, आणि त्या सुताला पीळहि घट्ट असतो, कारण मागाची ओढ त्याला सोसावयाची असते. हेंच सूत सुयांवर विणावयास घेतलें तर तें अंगाला टोंचतें आणि टाके ताठ बसतात. त्याला जाड सुई घेऊन सैल वीण घातली तर पिशव्या, आसनें, पायपुसणीं हीं टिकाऊ होतात. अंगाशीं लागणारा स्वेटर मात्र त्याचा करूं नये. हिमालयाच्या बाजूला, कुमाऊं व हिमाचलांत, पहाडी लोक चालतां चालतां टकळीवर लोंकर कातीत असल्याचें प्रवाशांनीं नेहमीं पाहिलें आहे, आणि कुलूकडील हातीं विणलेले रंगीत मोजे प्रसिद्ध आहेत. मोज्यांचें विणकाम मुद्दाम घट्ट ठेवावें लागतें, कारण टांच व चवडा यांवर रोज घर्षण होतें.

यावरून दुसरा एक नियम निघतो: सुई सुताप्रमाणें निवडावी, तशीच ती कामाप्रमाणेंहि निवडावी. चौदा वेढ्यांच्या सुताचा स्वेटर नऊ नंबरवर होईल. त्याच सुताचे मोजे दहा किंवा अकरा नंबरवर करावेत. आणि त्याचीच शाल करावयाची असेल तर सहा-सात नंबरवर जावें, म्हणजे ती मऊ पडेल व खांद्यावरून नीट लोंबेल. स्कॉटलंडच्या उत्तरेस असलेल्या शेटलंड बेटांत हातीं कातलेल्या अत्यंत बारीक लोंकरीच्या जाळीदार शाली विणीत. त्या बोटांतल्या अंगठींतून ओढून काढतां येत, अशी त्यांची ख्याति होती. रशियांतील ओरेनबुर्ग प्रांताच्या शाली बकरीच्या मऊ लवीच्या, रेशमाच्या बारीक धाग्याबरोबर पीळ दिलेल्या सुताच्या असतात. दोन्ही ठिकाणीं सुताच्या मानानें सुई जाड ठेवण्याची रीत आहे. कारण जाळींत भोंक हीच शोभा असते; तेथें टाक्यानें जागा भरावयाची नसून मोकळी ठेवावयाची असते. स्वेटराचे गळपट्टे, मनगट व कंबरेची पट्टी यांना मात्र दोन नंबर बारीक सुई घ्यावी. त्यानें कांठ अंगाशीं धरून राहतो.

आतां सर्वांत महत्त्वाची, आणि सर्वांत अधिक टाळली जाणारी गोष्ट: नमुना विणून पाहणें. "अग, एवढ्याशा चौकोनांत वेळ कशाला घालवतेस? स्वेटरच घाल म्हणजे तोच नमुना," असें शेजारीण सांगते, आणि विणणारीलाहि तें पटतें. पण हिशेब पाहावा. बत्तीस इंच छातीच्या स्वेटरासाठीं इंचास पांच टाके धरून १६० टाके घातले. प्रत्यक्षांत इंचास साडेपांच टाके पडत असतील तर घेर २९ इंचच भरेल. साडेचार पडत असतील तर तो साडेपस्तीस इंच होईल. इंचाला अर्ध्या टाक्याचा फरक डोळ्यांना दिसत नाहीं. पण तो छातीवर तीन-साडेतीन इंचांनीं दिसतो.

नमुना निदान सहा इंच चौरस असावा. लहान तुकड्याच्या कडा नेहमीं ओढलेल्या किंवा सैल असतात आणि त्या मापाला फसवितात. म्हणून मधले चार इंचच मोजावेत, आणि टाके व ओळी दोन्ही मोजाव्यात. तीन सुयांची तुलना करावयाची असल्यास एकाच लांब पट्टींत ती करतां येते. प्रथम बारीक सुईनें दोन-तीन इंच विणावें, मग सुलट बाजूवर एक ओळ उलट टाक्यांची घालून खूण करावी, पुढें मधल्या सुईनें, पुन्हा खूण, आणि शेवटीं जाड सुईनें विणावें. ही पट्टी जसा स्वेटर पुढें धुतला जाईल तशीच धुवावी, वाळवावी, आणि मगच पाहावी. हातांत चुरगाळून सोडली असतां ती सावकाश परंतु पूर्णपणें मोकळी झाली पाहिजे. उजेडापुढें धरली असतां टाके दिसावेत, पण पलीकडचा दिवा त्यांतून डोळ्यांत भरूं नये. आडवी ताणून सोडली असतां ती लगेच मागें यावी. ज्या भागाला या तिन्ही कसोट्या लागू पडतील ती सुई पक्की समजावी. हिशेबानें आलेली सुई आणि नमुन्यानें पसंत केलेली सुई यांत फरक पडला तर नमुन्याचा शब्द शेवटचा.

असा फरक पडण्याचें एक कारण विणणारीचा हात हें असतें. कोणाचा हात घट्ट, कोणाचा सैल. एकाच सुतावर व एकाच सुईवर दोघींच्या टाक्यांत एक-दोन नंबरांइतकें अंतर पडूं शकतें. म्हणून सासूबाईंनीं घातलेला स्वेटर सुनेनें मध्येंच हातीं घेऊं नये, आणि घेतलाच तर प्रथम आपल्या हाताचा नमुना विणून सुई बदलून घ्यावी. सुई कशाची आहे यानेंहि फरक होतो. गुळगुळीत धातूच्या सुईवरून सूत झरझर सरकतें. बांबूच्या किंवा लांकडाच्या सुईवर तें थोडें अडतें, आणि टाक्याचें माप किंचित् बदलतें. यासाठीं ज्या सुईवर नमुना विणला त्याच सुईवर स्वेटर पुरा करावा.

नमुन्याचा आणखी एक उपयोग आहे, आणि हातच्या सुताच्या बाबतींत तो बहुमोल आहे. त्यावरून सूत पुरेल कीं नाहीं हें आधीं समजतें. समजा, सहा इंच चौरस नमुना, म्हणजे ३६ चौरस इंच, दहा ग्रॅम भरला. लहान मुलाच्या स्वेटराचें अंग घेरांत २६ इंच व लांबींत १५ इंच असेल तर तें ३९० चौरस इंच झालें. बारा इंच लांबीच्या दोन बाह्या, सरासरी दहा इंच रुंदीच्या, २४० चौरस इंच. एकूण ६३०. त्याला ३६ नें भागून दहानें गुणलें म्हणजे १७५ ग्रॅम येतात. पट्ट्या व शिवण यांसाठीं दहावा हिस्सा वाढविला तर सुमारें १९० ग्रॅम. लडी तोलल्यावर त्या २२० ग्रॅम भरल्या तर निश्चिंत मनानें काम सुरू करावें. १८० च भरल्या तर आतांच विचार करावा. बारीक सुईवर तेवढ्याच क्षेत्रफळाला अधिक सूत लागतें. जाड सुईवर कमी लागतें. पोत बिघडत नसेल तर अर्धा-एक नंबर जाड सुई घेऊन काम भागेल. नाहींतर बाह्या आंखूड कराव्यात, किंवा मनगटाच्या व गळ्याच्या पट्ट्या दुसऱ्या रंगाच्या घालाव्यात. हा निर्णय पहिल्या टाक्यापूर्वीं घेतला तर शोभा म्हणून दिसतो. शेवटच्या बाहीपाशीं घेतला तर ठिगळ म्हणून दिसतो.

राहतां राहिला प्रश्न सुताच्या कमीजास्त जाडीचा. अनुभवी कातणाऱ्यांच्याहि सुतांत थोडी चढउतार असतेच. तिला भिण्याचें कारण नाहीं. सरासरीवर निवडलेली सुई तो फरक सामावून घेते, आणि धुतल्यावर टाके एकमेकांस सांभाळून घेतात. मात्र संपूर्ण लडच जाड आणि दुसरी संपूर्ण लड बारीक असेल तर सुई बदलून तो दोष झांकूं नये. सर्व लडींचे वेढे मोजून त्यांना चिठ्ठ्या बांधाव्यात. दोन लडी एकदम चालू ठेवून दोन ओळी एकीच्या व दोन ओळी दुसरीच्या विणाव्यात, म्हणजे फरक सगळीकडे सारखा पसरतो आणि पोटावर आडवा पट्टा दिसत नाहीं. अगदींच जाड लडी पट्ट्यांसाठीं व अगदींच बारीक लडी शिवणीसाठीं वेगळ्या काढाव्यात. जाडपातळपणा अतोनात असेल तर सगळ्या सुलट टाक्यांची खडबडीत वीण घ्यावी; तिच्यांत तो खपून जातो.

काम संपल्यावर नमुना फेंकूं नये. त्याला एक कागद टांचून त्यावर लोंकर कोणती, कोणी कातली, वेढे किती, पदर किती, सुई किती मिलिमीटरची, धुण्यापूर्वींचे टाके किती व धुतल्यानंतरचे किती, हें लिहून ठेवावें. बाजारच्या गुंड्यावर जी पट्टी असते तीच ही पट्टी; फरक एवढाच कीं, ती घरांत तयार झालेली असते. उरलेलें वार-दोन वार सूतहि त्याच कागदाभोंवतीं गुंडाळून ठेवावें. पुढें कधीं कोपरावर भोंक पडलें तर त्याच सुतानें तें भरतां येईल, आणि कोणती सुई घ्यावी हें त्या वेळीं कोणास विचारावें लागणार नाहीं.